आर्मेनियाच्या जुन्या इतिहासात व्यापारी कुठे दडून बसले?

2025 च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला आर्मेनिया आणि अझरबैजानचे नेते एकत्र आले आणि एक छोटासा रस्ता जगभरच्या बातम्यांत झळकला. दक्षिण आर्मेनियातल्या स्यूनिक भागातून जाणारा हा मार्ग अझरबैजानला त्याच्याच तुटक्या नखिचेवान प्रांताशी जोडणार आहे. लांबी जेमतेम चाळीसेक किलोमीटर. एवढ्याशा वाटेसाठी अमेरिका, रशिया, इराण, तुर्कस्तान सगळ्यांचे कान टवकारले, कारण त्या डोंगरी मुलखात पूर्वेकडून पश्चिमेकडे जायला मुळात वाटाच मोजक्या आहेत. ज्याच्या हातात वाट, त्याच्या हातात जकात. ही गोष्ट आजची नाही, किमान दीड हजार वर्षांची आहे.

मग साहजिक वाटतं की अशा देशाच्या जुन्या इतिहासग्रंथांत पानोपानी उंटांचे तांडे, बाजारपेठा, सावकार, मापं, दर हे सगळं असणार. मीही तेच गृहीत धरून वाचायला बसलो होतो. प्रत्यक्षात लढाया सापडल्या, हुतात्मे सापडले, राजघराण्यांच्या वंशावळी सापडल्या, धूमकेतू आणि भूकंपही सापडले. व्यापारी मात्र क्वचितच भेटला. आणि भेटला तो बहुतेक वेळा जळत्या शहरात.

असं का, आणि मग तो व्यापारी शोधायचा कुठे?

लग्नाचा अल्बम आणि केटरर

आधी लिहिणारे कोण होते ते बघू. आर्मेनियन लिपी साधारण 405 साली मेस्रोप माश्तोत्स या धर्मपंडिताने घडवली आणि त्याच शतकात त्या भाषेत इतिहासलेखन सुरू झालं. पुढची हजारेक वर्षं हे काम प्रामुख्याने चर्चच्या माणसांनी केलं. त्यांतल्या विद्वान संन्याशाला 'वर्दापेत' म्हणत. लिहून घेणारे असत 'नखरार', म्हणजे पिढीजात जहागिरदार घराणी. आपल्याकडचे देशमुख-सरदार डोळ्यांसमोर आणा, फक्त ताकद त्याहून बरीच जास्त. गाझार पार्पेत्सीने लिहिलं ते वाहान मामिकोन्यान या सरदारासाठी. तोव्मा आर्त्स्रुनीने लिहिलं आर्त्स्रुनी घराण्यासाठी.

आता लग्नाचा अल्बम आठवा. पैसे मुलीच्या वडिलांनी दिलेले, त्यामुळे फोटोत नवरानवरी, मामा, आत्या, व्याही, एखादे आमदारसाहेब. पाचशे पानं जेवून उठली, पण केटररचा फोटो कुणी काढत नाही. म्हणून त्या लग्नात स्वयंपाकच झाला नाही असं थोडंच आहे? केटरर अल्बममध्ये यायचा तर एकच मार्ग: मांडवाला आग लागली पाहिजे.

आर्मेनियन इतिहासात व्यापाऱ्याचं नेमकं हेच झालंय. त्या ग्रंथांत आदर्श माणूस दोनच प्रकारचा: धर्मासाठी लढणारा वीर किंवा धर्मासाठी मरणारा संत. 451 सालच्या आवारायरच्या लढाईत पडलेला वार्दान मामिकोन्यान एकाच वेळी दोन्ही होता, म्हणून त्याच्यावर पानंच्या पानं. ज्याने त्या लढाईसाठी घोडे विकले असतील, त्याच्यावर ओळसुद्धा नाही.

अर्ध्या वाक्यातला किडा

तरीही लेखक बेसावध असला की बाजार डोकावतोच. गाझार पार्पेत्सी आरारातच्या मैदानाचं वर्णन करताना रंगात येतो. तिथलं पाणी, शिकार, फळं, कुरणं असं सगळं सांगता सांगता तो एका गवताच्या मुळांशी राहणाऱ्या किड्याचा उल्लेख करतो. त्यापासून लाल रंग होतो, आणि तो कुणाच्या उपयोगाचा, तर नफा आणि थाटमाट हवा असणाऱ्यांच्या! बस्स, एवढंच. पुढच्या वाक्यात स्वारी दुसरीकडे.

हा किडा म्हणजे 'वोर्दान कार्मिर', शब्दशः किड्याचा लाल. खारट जमिनीतल्या गवताच्या मुळांवर वाढायचा, शरद ऋतूत पहाटे थोडा वेळ वर यायचा आणि तेवढ्यातच तो वेचावा लागे. त्यापासून निघणारा किरमिजी रंग दूरदूर जाई. 'किरमिजी' हा आपला शब्दही फारसी-अरबी 'किर्मिझ' या किड्याच्याच नावावरून आला. नवव्या शतकातला अरब इतिहासकार बलाधुरी तर आर्ताशात या जुन्या राजधानीला 'किरमिजाचं गाव' म्हणतो. म्हणजे परक्याच्या लेखी ज्या गावाची ओळखच हा माल आहे, त्या मालाला घरच्या लेखकाने अर्धं वाक्य दिलं. त्यातही 'नफा हवा असणारे' असं म्हणताना त्याचं नाक किंचित मुरडलेलं मला तरी दिसतं.

एकच आग, दोन लेखण्या

आता जळत्या शहराकडे येऊ. आजच्या पूर्व तुर्कस्तानात, एर्झुरुमजवळ, आर्त्स्न नावाचं गाव होतं. अकराव्या शतकात ते व्यापाराने फुगलं होतं. 1049 च्या सुमारास सेल्जुक तुर्कांचा सुलतान तुघ्रिल याच्या नात्यातल्या इब्राहिम इनालची फौज तिथे पोचली आणि गाव संपलं.

या घटनेबद्दल ग्रीक भाषेत लिहिणारा स्किलित्झेस काय सांगतो पाहा. गावात स्थानिक, सीरियन आणि आर्मेनियन व्यापारी होते, संपत्ती अफाट होती. पण गावाला तटबंदी नव्हती. जवळच थिओडोसिओपोलिसचं भक्कम तटाचं शहर होतं. तिथे चला असं सांगूनही व्यापारी हलले नाहीत. आपली संख्या पुरेशी आहे असं त्यांना वाटलं. रस्ते अडवून, घरांच्या छपरांवर चढून त्यांनी दगड, लाकडं आणि बाण यांचा मारा केला. शेवटी इब्राहिमने लुटीची आशा सोडली आणि घरांना आग लावली.

मला या हकिकतीतली एक बाब फार खरी वाटते. भरलेली गोदामं सोडून नेसत्या कपड्यांनिशी तटाआड जायचं हा निर्णय दुकानदाराला किती जड जात असेल! गावात पूर आला तरी गल्ल्याची चावी शोधत मागे राहिलेला माणूस आपण पाहिलेला असतो.

आरिस्ताकेस लास्तिवेर्तसी हा त्याच काळातला आर्मेनियन वर्दापेत. तो आर्त्स्नबद्दल अक्षरशः रडतो. पण तटबंदी, डावपेच यांत त्याला रस नाही. त्याचा प्रश्न वेगळा आहे: देवाने हे होऊ का दिलं? उत्तर तो बाजारात शोधतो. गाव आधी न्यायी होतं, मग पैशाचं प्रेम देवाच्या प्रेमापेक्षा मोठं झालं. व्याजबट्टा वाढला, सोबत्याला फसवणारा स्वतःला शहाणा म्हणवू लागला, श्रीमंतांनी गरीब शेजाऱ्यांची घरं आणि शेताचे बांध गिळले. म्हणून ही शिक्षा.

हे प्रवचन समजून सोडून द्यायचा मोह होतो. पण उलट्या बाजूने वाचलं तर त्यातच शहराचं अर्थकारण सापडतं. गावात कर्ज देणारे होते, व्याजावर पैसा फिरत होता, व्यापारात कमावलेला पैसा जमिनीत आणि घरांत गुंतवला जात होता, जुने रहिवासी मागे ढकलले जात होते. आरिस्ताकेसला पाप सांगायचं होतं. सांगता सांगता त्याने भांडवल कसं वाढतं ते लिहून ठेवलं.

वाचलेली माणसं थिओडोसिओपोलिसला गेली आणि सोबत गावाचं नावही घेऊन गेली. 'अर्झन अर-रूम', म्हणजे रोमनांचं आर्त्स्न, याचंच पुढे एर्झुरुम झालं. आज नकाशावर एर्झुरुम वाचताना आपण खरं तर बुडालेल्या बाजारपेठेचं नाव वाचत असतो.

गणिताच्या वहीत सापडलेला माणूस

इतिहासग्रंथांत न सापडलेला व्यापारी भलत्याच ठिकाणी भेटतो, तो म्हणजे शाळेच्या गणितात. सातव्या शतकात अनानिया शिराकात्सी नावाचा विद्वान होऊन गेला. गणित शिकण्यासाठी तो काळ्या समुद्राकाठच्या त्रेबिझोंदपर्यंत गेला आणि परत येऊन त्याने विद्यार्थ्यांसाठी उदाहरणं रचली. त्यांतलं एक असं:

एक व्यापारी तीन शहरांतून गेला. पहिल्या शहरात त्याच्या मालाचा निम्मा आणि एक तृतीयांश भाग जकात म्हणून घेतला. दुसऱ्यात उरलेल्याचा निम्मा आणि तृतीयांश, तिसऱ्यात पुन्हा तसंच. घरी पोचला तेव्हा त्याच्याकडे 11 दहेकान उरले होते. निघताना किती होते?

दहेकान हे नाणं. निम्मा अधिक तृतीयांश म्हणजे सहापैकी पाच भाग गेले, एक उरला. मग मागून सहाने गुणत जायचं: 11 चे 66, 66 चे 396, आणि 396 चे 2376. एवढी पुंजी घेऊन निघालेला माणूस अकरा नाणी घेऊन उंबऱ्यात उभा!

असली जकात खरोखर कुणी घेत नसणार, नाहीतर माणसाने पहिल्याच नाक्यावरून खेचर मागे वळवलं असतं. पण मास्तर उदाहरण देतो तेव्हा मुलांना ओळखीचं वाटेल असंच देतो. हौदाचे दोन नळ, स्टेशनवरून सुटलेल्या दोन गाड्या. त्या वर्गातल्या मुलांच्या ओळखीचं काय होतं, तर शहराशहराला अडवणारे जकातवाले आणि हात चोळत घरी येणारा व्यापारी. हे दृश्य त्या काळातल्या कुठल्याही राजवंशाच्या इतिहासापेक्षा मला जास्त बोलकं वाटतं.

लिहिलं नाही, म्हणजे नव्हतंच असं का म्हणू नये?

शंका रास्त आहे. कदाचित व्यापार किरकोळच असेल आणि आपण ओढूनताणून शोधतोय! पण शेजाऱ्यांची साक्ष वेगळं सांगते.

408-409 च्या सुमाराचा एक रोमन कायदा आहे. रोम आणि पर्शियाच्या व्यापाऱ्यांनी फक्त तीन ठिकाणी देवघेव करावी असं त्यात ठरलं: निसिबिस, कॅलिनिकम आणि आर्मेनियातलं आर्ताशात. कारणही दिलंय, व्यापाऱ्याच्या मिषाने कुणी दुसऱ्या राज्याची गुपितं काढू नयेत. आजच्या भाषेत अधिकृत सीमाचौकी. किरकोळ बाजाराला असा मान मिळत नाही.

सहाव्या शतकात आर्ताशातजवळच वाढलेल्या द्विन शहराबद्दल ग्रीक इतिहासकार प्रोकोपियस लिहितो की भारतातून, शेजारच्या जॉर्जियातून, पर्शियाच्या जवळजवळ सगळ्या लोकांकडून आणि काही रोमन मुलखातूनही तिथे माल येतो. भारतीय माल द्विनला नेमका किती हात बदलून पोचत असेल ते सोडा, पण त्याला तो नोंदावासा वाटला. पुढे अरब भूगोलकार या शहराला दबील म्हणतात आणि तिथल्या कापडांची, गालिच्यांची तारीफ करतात. 893 च्या भूकंपाने द्विन हादरलं, नंतर व्यापाराचा ओघ उत्तरेला आनी, कार्स, आर्त्स्न असा त्रेबिझोंदच्या बंदराकडे वाढत गेला.

आणखी एक साक्षीदार आहे, खुद्द भाषा. जुन्या आर्मेनियनमध्ये बाजाराला 'वाचार' आणि व्यापाऱ्याला 'वाचाराकान' म्हणतात. हा शब्द जुन्या इराणी भाषेतून आला, आणि त्याच मुळापासून फारसी 'बाजार' झाला, जो आपण रोज भाजी आणायला जाताना वापरतो. मंडईतला आपला शब्द आणि द्विनमधला त्यांचा शब्द चुलतभाऊ आहेत.

आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा?

थोडाच. आर्त्स्नमध्ये स्किलित्झेस एक लाख चाळीस हजार मेले म्हणतो, मातेओस उर्हायेत्सी हा बाराव्या शतकातला आर्मेनियन इतिहासकार दीड लाख म्हणतो. पाचव्या शतकातला एक ग्रंथ चौथ्या शतकातल्या पर्शियन स्वारीचं वर्णन करताना एकट्या आर्ताशातमधून 40,000 आर्मेनियन आणि 9,000 ज्यू कुटुंबं नेली असं सांगतो. त्या काळी एवढी वस्ती पोसणारं शहर त्या डोंगरात असणं कठीण आहे. हे आकडे 'लाखो लोक लोटले होते' या आपल्या वाक्प्रचाराच्या जवळचे. म्हणजे खूप, मोजता न येण्याइतके.

पण आकडा सोडला तरी त्याच्या सोबतची माहिती टाकू नये. शहरात आर्मेनियन आणि ज्यू दोन्ही वस्त्या होत्या, ते व्यापार-कारागिरीचं केंद्र होतं, आणि जिंकणाऱ्याला जमीन नव्हे तर माणसं उचलून न्यायची होती, एवढं त्यातून उरतंच.

खात्रीचे आकडे वेगळ्याच ठिकाणी मिळतात: खंडणीत. 1236 मध्ये मंगोलांनी किराकोस गांझाकेत्सी या इतिहासकारालाच त्याच्या गुरूसकट पकडलं. गुरू वानाकान 80 दहेकानांना सुटले, हे किराकोस स्वतः लिहितो. स्वतः तो त्याच रात्री पळून गेला. पुस्तकांचंही तसंच. 'मुशचा प्रवचनसंग्रह' म्हणून ओळखलं जाणारं, सत्तावीस-अठ्ठावीस किलो वजनाचं हस्तलिखित तेराव्या शतकाच्या सुरुवातीला बाबेर्दच्या एका श्रीमंताने लिहवून घेतलं. तो मारला गेला, पुस्तक लुटलं गेलं, आणि मठाने लोकांकडून वर्गणी गोळा करून 4,000 चांदीच्या द्रामांना ते परत विकत घेतलं. ही माहिती हस्तलिखिताच्या पुष्पिकेमुळे कळते. पुष्पिका म्हणजे पोथीच्या शेवटी लेखनिकाने लिहिलेला मजकूर, कुणी लिहिली, कुणासाठी, काय सोसून. धान्याचा भाव न सांगणारी ही मंडळी माणसाचा आणि पोथीचा भाव मात्र बिनचूक सांगतात, कारण तो त्यांच्या खिशातून गेलेला असतो.

मग चर्चला व्यापाऱ्यांचा राग होता का?

व्याजाचा होता. पैशाचा मुळीच नव्हता.

आनी शहराचे अवशेष आज तुर्कस्तानात, आखुर्यान नदीच्या काठावर आहेत. नदीपलीकडे आर्मेनिया. ही सीमा 1993 मध्ये बंद झाली. दहाव्या शतकात बाग्रातुनी राजांनी इथे राजधानी आणली. 1064 मध्ये सेल्जुकांनी शहर जिंकलं, तरी ते मेलं नाही, आणि तेराव्या शतकात झाकार्यान सरदारांच्या हाताखाली पुन्हा बहरलं. नदीच्या उतारावर तिथे एक देखणं चर्च आहे, संत ग्रेगरीचं, आतून भिंतीभर चित्रं. ते ना राजाने बांधलं, ना बिशपने. बाहेरच्या भिंतीवर लांबलचक लेख आहे, आर्मेनियन सन 664, म्हणजे 1215, आणि बोलणारा माणूस म्हणतो: मी, होनेंत्स घराण्यातला तिग्रान.

लेख वाचताना खरेदीखत वाचल्यासारखं वाटतं. जागा कड्याची, झुडपांची होती, ती मी मालकांकडून माझ्या हक्काच्या पैशाने विकत घेतली, मेहनत आणि खर्च करून भोवती भिंत घातली. मग चर्चला काय काय दिलं त्याची यादी: गावं, गावांतले हिस्से, दुकानं, गिरणी, तेलाचा घाणा, वाटसरूंच्या मुक्कामाची जागा. अर्धं गाव, अमक्याचा एवढा भाग असे तुकडे नीट मोजून दिलेत. सगळी पुंजी एका ठिकाणी न अडकवणारा, मिळेल तिथे हिस्सा घेणारा माणूस आहे हा. कार्ल्याच्या लेण्यात वैजयंतीच्या भूतपाल शेठीने आपलं नाव कोरून ठेवलंय ते आठवतं, फरक एवढाच की तिग्रानने मालमत्तेचा उताराही सोबत जोडला.

म्हणजे ग्रंथात ज्याला जागा नाही, त्याने भिंत विकत घेतली.

दान दिलं की ग्रंथातही दार किलकिलं होई. किराकोस एका उमेक नावाच्या व्यापाऱ्याचा उल्लेख चक्क कौतुकाने करतो. मंगोलांनी 1242 मध्ये कारिन, म्हणजे एर्झुरुम, लुटलं त्यातून हा वाचला, तिफ्लिसला, म्हणजे आजच्या तिबिलिसीला, स्थायिक झाला. जॉर्जियाचा राजा त्याला 'वडील' म्हणे. 1254 च्या सुमारास मंगोल अधिकारी आर्घुन शिरगणती आणि करवसुली करत आला तेव्हा उमेकने नजराणे दिले आणि मान मिळवला. किराकोस हे सांगतो ते त्याच पानांवर, जिथे कर न भरू शकणाऱ्या लोकांचे हाल वर्णन केलेत. दोन्ही शेजारी ठेवून तो गप्प बसतो. टोमणा आहे की नुसती नोंद, मला अजून ठरवता आलेलं नाही.

'आर्मेनियन म्हणजे व्यापारी' हे मग कधीपासून?

आपल्याकडे आर्मेनियन म्हटलं की सुरतेचे, कलकत्त्याचे व्यापारीच आठवतात. मुंबईत फोर्टमधल्या मेडोज स्ट्रीटवर 1796 चं त्यांचं चर्च आहे. पण ही ओळख बरीच नंतरची. आजच्या दक्षिण तुर्कस्तानातल्या किलिकियाच्या किनाऱ्यावरच्या आर्मेनियन राज्यात लेवोन राजाने 1201 मध्येच जिनोव्हा आणि व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना सनदा दिल्या, तिथल्या आयास बंदरातून 1271 मध्ये मार्को पोलो पूर्वेला निघाला, हे खरं. तरी मध्ययुगीन ग्रंथांचा नायक बदलला नाही.

तो बदलला सतराव्या शतकात. 1604-05 मध्ये शाह अब्बासने आरास नदीकाठचं जुल्फा गाव रिकामं करून तिथल्या लोकांना इस्फहानजवळ नेलं. तिथे नवं जुल्फा वसलं आणि रेशमाच्या व्यापारावर ते अॅमस्टरडॅमपासून भारतापर्यंत पसरलं. या स्थलांतराची हकिकत लिहिणारा आराकेल हा पुन्हा वर्दापेतच, पण त्याचं पुस्तक 1669 मध्ये अॅमस्टरडॅमला छापलं गेलं, व्यापाऱ्यांच्याच वाटेने.

आणि अखेर व्यापारी स्वतः लिहू लागला. होव्हानेस जुघायेत्सी नावाचा जुल्फाचा एक माणूस धन्याचं भांडवल आणि नफ्यात ठरलेला वाटा घेऊन 1682 मध्ये निघाला. सुरत, आग्रा, पाटणा, नेपाळ करत ल्हासाला पोचला, तिथे काही वर्षं राहिला, कस्तुरी खरेदी केली. त्याची हिशेबवही टिकली आहे. पोथ्यांची जड भाषा तिच्यात नाही, जुल्फाची बोली आहे. देवाला का राग आला याची चर्चा नाही. कापड कितीला घेतलं, कितीला गेलं, इथलं वजन म्हणजे तिथलं किती, हमाली किती पडली, आणि कुठल्या नाक्यावर किती जकात भरली. शिराकात्सीच्या व्यापाऱ्याइतकी कुठेच नाही.